ब्लूज ऐकायचं तर कापसाच्या रानातून ऐका

पऱ्हाटी (मानवत, जि. परभणी)
१७ जानेवारी, रात्री १०.५२

नमस्कार मंडळी.

या आठवड्यात आमच्या फीडरला शेतीची लाइट रात्री बारानंतर आहे. परवा गव्हाला पाण्याची दारं धरायची होती, म्हणून मी आणि आण्णा साडेअकरालाच विहिरीवर जाऊन बसलो. उपटून टाकलेल्या कापसाच्या पऱ्हाट्यांचा जाळ केला. लाइट यायला वेळ होता. मी खिशातला मोबाइल काढून सन हाउस लावला, अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या ब्लूज संगीतातला जुना गायक. 'ड्राय स्पेल ब्लूज', १९३०ची रेकॉर्ड. जुन्या तव्याची खरखर ऐकून आण्णा म्हणाले, "मोबाइल बिघडला का रे तुहा?" मग आवाज सुरू झाला आणि ते गप्प बसले. थोड्या वेळानं म्हणाले, "काय म्हणायलाय ह्यो?"

मी सांगितलं, की पाऊस गेलाय, कापूस आणि मका करपलाय, गावातल्या लोकांना घर सोडावं लागणार म्हणतोय. डुकराचं मटण पंचेचाळीस सेंट पौंड झालंय आणि कापूस दहा सेंटला जातोय, असं म्हणतोय.

आण्णांनी जाळात एक पऱ्हाटी सारली. "मग वेचणी तरी परवडली आसंल का त्याला?"

इंग्रजीचा एक शब्द न कळणाऱ्या माणसानं ब्लूजबद्दल विचारलेला हा पहिला प्रश्न. तेवढ्यात लाइट आली, स्टार्टरचा खटका दाबला, मोटारीच्या आवाजात गाणं बुडून गेलं. त्या रेकॉर्डला दोन बाजू आहेत, भाग पहिला आणि भाग दुसरा. दुसरा राहिलाच.

मी बारा-तेरा वर्षं हे संगीत ऐकतोय. सुरुवात सगळ्यांसारखी रॉकपासून केली, गिटारचे लांबलचक सोलो, एरिक क्लॅप्टन वगैरे. उलटं मागं मागं जात मिसिसिपीच्या डेल्टात, म्हणजे तिथल्या नदीकाठच्या कापूसपट्ट्यात, पोहोचायला मला सहा वर्षं लागली. तिथं गेल्यावर कळलं, ही काळी गाळाची जमीन, कापूस, कर्ज, पूर आणि दुष्काळ यांची गाणी आहेत. आपल्याला हे समजायला गिटार यावी लागत नाही.

चार्ली पॅटन हा तिथला मोठा माणूस. डॉकरी नावाच्या कापसाच्या मळ्याच्या परिसरात तो वाढला, वाजवू लागला. १९२९ मध्ये त्यानं बोल वीव्हिलवर गाणं रेकॉर्ड केलं. बोल वीव्हिल म्हणजे सोंड असलेला भुंगा. आपल्या गुलाबी बोंडअळीचा तो सख्खा भाऊ नाही, अळी पतंगाची असते आणि हा भुंगेरा, पण दोघांचं काम एकच, बोंडात शिरून आतून खाणं. १८९२च्या सुमारास तो मेक्सिकोतून टेक्सासमध्ये आला आणि पुढच्या तीसेक वर्षांत सगळा कापूसपट्टा त्यानं पार केला. त्याच्यावर कितीतरी लोकगीतं झाली. काहींत किडा आणि शेतकरी एकमेकांशी बोलतात. शेतकरी त्याला उन्हात, बर्फात टाकतो आणि किडा म्हणतो, हेच माझं घर. अलाबामातल्या एंटरप्राइज नावाच्या गावानं तर १९१९ मध्ये या किडीचं स्मारक उभारलं, कारण तिच्यामुळं लोक कापूस सोडून भुईमुगाकडं वळले आणि सावरले.

२०१७ ला आमच्या अडीच एकरात डोमकळ्या, म्हणजे अळीनं न उमललेली फुलं, दिसायला लागल्या, बोंडं फोडली की आत कवडी, नुसता किडका कापूस. त्या महिन्यात मी पॅटनचं ते गाणं किती वेळा ऐकलं याची गणती नाही. आम्ही फरदड ठेवायचो, म्हणजे वेचणी झाल्यावरही तेच पीक रानात राखायचो, ही आमची चूक होती, ते नंतर कळलं. पण त्या वेळी आपल्या पिकाचं दुःख कुणीतरी गाऊन ठेवलंय हे माहीत असणं मला फार मोठं वाटलं.

माझं म्हणणं एवढंच, की नव्या माणसाला ब्लूज ऐकवायचं तर गिटारच्या करामतीपासून सुरू करू नका. पिकापासून सुरू करा. मराठवाड्यात आणखी कोण ऐकतं? काय ऐकता? जुनं सांगा, नवंही सांगा.

धारूर घाट (धारूर)
१७ जानेवारी, रात्री ११.२०

आत्ताच ऐकलं. पहिल्यांदाच. शब्द निम्मे कळले, पण अंगावर काटा आला. पुढं काय ऐकू? एकच सांगा, यादी नको.

पऱ्हाटी
१७ जानेवारी, रात्री ११.२६

मिसिसिपी जॉन हर्ट. 'अ‍ॅव्हलॉन ब्लूज', १९२८. एकदम हळू, गोड आवाज. त्यानं गाण्यात आपल्या गावाचं नाव घेतलं होतं. रेकॉर्डिंगनंतर तो गावी परतला, शेतमजुरी करत राहिला. ३५ वर्षांनी, १९६३ मध्ये, ती रेकॉर्ड ऐकून एक तरुण नकाशात गाव शोधत गेला, तर हा माणूस तिथंच होता, जिवंत. त्याच वर्षी त्यानं न्यूपोर्टच्या महोत्सवात हजारोंसमोर गायलं.

तपोवनचा प्रवासी (मूळ नांदेड, सध्या कळवा)
१८ जानेवारी, सकाळी ७.४०

पिकापासून सुरू करा हे मान्य, पण रेल्वे विसरू नका. ब्लूजची एक प्रसिद्ध जुनी आठवण स्टेशनवरचीच आहे. डब्ल्यू. सी. हँडी हा शिकलेला बँडमास्तर १९०३ च्या सुमारास टटवायलर नावाच्या छोट्या स्टेशनावर उशिरा येणाऱ्या गाडीची वाट पाहत झोपला होता. जाग आली तर शेजारी फाटक्या कपड्यांतला एक माणूस गिटारच्या तारांवर सुरी घासत गात होता. गाण्यात होतं काय, तर दोन रेल्वेमार्ग जिथं एकमेकांना छेदतात तिथं मी चाललोय, एवढंच. ते ठिकाण म्हणजे मूरहेड. मी पूर्णा जंक्शनला अकोल्याकडच्या गाडीसाठी खूप रात्री काढल्यात. त्यामुळं हे वाचलं तेव्हा मला त्या माणसाशेजारी बसल्यासारखं वाटलं.

पुढं हीच रेल्वे माणसांना घेऊन गेली. डेल्टातून इलिनॉय सेंट्रलच्या गाडीनं शिकागोला. विसाव्या शतकात साठ लाखांच्या आसपास कृष्णवर्णीय माणसं दक्षिणेतून उत्तरेकडं आणि पश्चिमेकडं गेली. गायक-गिटारवादक मडी वॉटर्स त्यांतला एक. तो स्टोव्हॉलच्या मळ्यावर ट्रॅक्टर चालवायचा. १९४१ मध्ये लायब्ररी ऑफ काँग्रेससाठी लोकगीतं गोळा करणारे अ‍ॅलन लोमॅक्स आणि फिस्क विद्यापीठाचे जॉन वर्क त्याच्या झोपडीत आले. रेकॉर्डिंगचं यंत्र मोटारीत घालून आणलं होतं. मडीनं आपला आवाज तेव्हा पहिल्यांदा बाहेरून ऐकला आणि त्याला खात्री पटली, की आपल्याला हे येतं. १९४३ मध्ये त्यानं मळ्यावर ताशी मजुरी साडेबावीस सेंटांवरून पंचवीस करा म्हणून मागितली. मिळाली नाही. तो शिकागोला निघून गेला.

तिथं कारखान्यांचा, गाड्यांचा, दारूच्या गुत्त्यांतल्या माणसांचा एवढा गलका, की साधी गिटार ऐकूच जाईना. म्हणून विजेची गिटार. लिटल वॉल्टरनं तर माउथ ऑर्गन आणि स्वस्तातला माइक एकाच ओंजळीत धरून वाजवला. रॉक जिथून निघालं ते हे. मला इथं चाळीच्या खोलीत रात्री अकराला मडी वॉटर्सचं १९५० च्या दशकातलं ऐकताना नेहमी वाटतं, हा माणूस शहरात मोठ्यानं बोलायला शिकतोय. गावाकडून आलेल्या प्रत्येकाला ते शिकावं लागतं.

कोमलगंधार (लातूर)
१८ जानेवारी, दुपारी ३.१५

मी पंचवीस वर्षे हार्मोनियम आणि गायन शिकवतो. ब्लूज माझ्याकडे एका विद्यार्थ्यामुळे आला. तो म्हणाला, "सर, हा माणूस बेसूर गातोय का?" मी ऐकले आणि हार्मोनियम बाजूला सरकवली, कारण ती जागा पेटीवर सापडणारच नव्हती. कोमल गांधार आणि शुद्ध गांधार यांच्या मधली जागा आहे ती. गायक तिथे थांबत नाही, खालून वर किंवा वरून खाली सरकत राहतो. आपण त्याला मींड म्हणू. बाटलीची मान कापून बोटात घालायची आणि ती तारेवर फिरवायची, ही त्यांची युक्ती त्याचसाठी आहे. पडदे असलेल्या वाद्यातून पडद्यांच्या मधले स्वर काढायचे. विचित्रवीणेला पडदेच नसतात, तिच्यावर काचेचा गोळा फिरवतात तोही स्वर असा सरकवण्यासाठीच.

बारा मात्रांच्या नव्हे, बारा बारच्या (बार म्हणजे ठरावीक मात्रांचा एक गट) चौकटीत सा, मध्यम आणि पंचम या तीन ठिकाणांवरून फिरायचे, एक ओळ दोनदा म्हणायची, तिसऱ्या ओळीत उत्तर द्यायचे. ओळ दोनदा का? एक कारण मला गाताना कळले. दुसऱ्यांदा म्हणताना तिसरी ओळ सुचायला वेळ मिळतो. भारूड करणारा टाळकऱ्यांना ओळ फिरवायला लावतो तेव्हा तोही पुढचे जुळवतच असतो.

जोग रागात दोन्ही गांधार आणि कोमल निषाद येतात, म्हणून जोग ऐकलेल्या कानाला ब्लूज लवकर आपलासा वाटतो. जोग म्हणजे ब्लूज नव्हे, चलन पूर्ण वेगळे आहे. पण दार तिथून उघडते.

एक गोष्ट मी प्रत्येक वर्गात सांगतो. १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी अवकाशात पाठवली गेली. तिच्यात आपल्या केसरबाई केरकरांची भैरवी आहे, आणि त्याच तबकडीत ब्लाइंड विली जॉन्सन या टेक्सासमधल्या अंध गायकाचे १९२७ चे गाणे आहे. त्यात एकही शब्द नाही, नुसता गुणगुणतो आणि तार सरकवतो. व्हॉयेजर १ निघाल्यावर अकरा दिवसांनी केसरबाई गेल्या. दोघांचे आवाज आज शेजारी शेजारी ताऱ्यांमधल्या अवकाशात आहेत.

पऱ्हाटी, आमच्या लातूरकरांसाठी एक भर. पॅटननेही १९३० मध्येच 'ड्राय वेल ब्लूज' रेकॉर्ड केले, ल्यूला गावच्या विहिरी आटल्या त्यावर. २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला आली, तेव्हा मी मुलांना घेऊन घागरी भरायच्या रांगेत होतो. ते गाणे मला त्याच रांगेत ऐकायला मिळायला हवे होते.

कोयता (बीड)
१८ जानेवारी, रात्री ९.०५

माझे आई-बाप वीस वर्षं ऊसतोडीला गेले. मी कोपीत, उसाच्या फडावरच्या झोपडीत, वाढलो. ब्लूजचं संगीत मला फारसं कळत नाही, पण त्यांच्या बटईचा हिशेब वाचला आणि तो लगेच कळला. मार्चला मालक पीक उभं करायला उधार द्यायचा, त्याला फर्निश म्हणायचे. सामान मालकाच्याच दुकानातून घ्यायचं, भाव तो लावील तो. डिसेंबरला कापूस मोजून हिशेब. निम्मं पीक मालकाचं, उरलेल्यातून उधारी कापायची. वही मालकाकडं. बहुतेक वर्षी वर काहीच उरायचं नाही, उलटं अंगावर बाकी, म्हणजे पुढच्या साली तिथंच राबायचं.

आमच्याकडं उचल म्हणतात. पावसाळ्यात मुकादमाकडून उचल घ्यायची, दिवाळीच्या आगंमागं टोळीबरोबर जायचं, उन्हाळ्यात परत यायचं आणि फिटली नाही तर पुढचा हंगाम. बापानं एका साली मुकादमाला इचारलं, आमचं किती टन झालं ते दाखवा. वही दाखवली नाही. त्या रात्री आई कोपीत भाकरी करता करता काहीतरी म्हणत होती, स्वतःशीच, चाल लावून. शब्द मला आठवत नाहीत. लई वाईट वाटतं त्याचं.

सातमाळा (छत्रपती संभाजीनगर)
१९ जानेवारी, सकाळी १०.३०

धागा आवडला, पण एका गोष्टीवर थांबून बोलायला हवं. कापूस दोन्हीकडं पिकतो म्हणून दुःख एक होत नाही. ब्लूज गाणाऱ्यांचे आजी-आजोबा विकत घेतलेले गुलाम होते. मिसिसिपीतल्या पार्चमनसारख्या तुरुंगशेतीवर माणसं बंदुकीच्या धाकाखाली राबत होती. झाडाला टांगून मारण्याचे प्रकार उघड्यावर होत होते. आणि गाण्याचा पैसा गोऱ्यांकडं गेला. आर्थर क्रडप या ब्लूज गायकाचं गाणं घेऊन १९५४ मध्ये एल्विस प्रेस्लीची पहिली रेकॉर्ड आली. क्रडप १९७४ मध्ये वारला तोवर त्याला त्याच्या हक्काची रॉयल्टी मिळाली नव्हती. पाच एकर स्वतःची जमीन असलेल्या शेतकऱ्यानं "हे आमचंच दुःख" म्हणणं मला घाईचं वाटतं. आपल्याकडं या गाण्याच्या सगळ्यात जवळ कोण उभं आहे, हा प्रश्न विचारायला हवा.

पऱ्हाटी
१९ जानेवारी, दुपारी १.१०

बरोबर बोललात. मी पिकावरून आत शिरलो, पण आत गेल्यावर हे दिसायलाच पाहिजे. माझ्या लिहिण्यात ते आलं नाही.

हलगीवाला (अंबड, जि. जालना)
१९ जानेवारी, रात्री ८.४८

सातमाळा यांच्या प्रश्नाचं उत्तर मी माझ्या घरातून देतो.

माझे आजोबा हलगी वाजवायचे. आवड म्हणून नव्हे, गावकी म्हणून. लग्नात पुढं, मयतीत पुढं, जेवायला मात्र लांब. बाबासाहेबांच्या सांगण्यावरून त्यांच्या पिढीनं गावकीची कामं सोडली आणि हलगीही टाकली. आजोबांनी आपली हलगी स्वतःच्या हातानं फोडली, असं वडील सांगतात. वडिलांनी आयुष्यात कधी हलगीला हात लावला नाही. मी कॉलेजात असताना वाजवायला लागलो तेव्हा ते महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत. त्यांचं चुकलं असं मी आजही म्हणत नाही.

आता हे ऐका. बँजो हे वाद्य मुळात आफ्रिकेतून आलेल्या गुलामांचं. पुढं गोऱ्यांनी तोंडाला काळं फासून, बँजो वाजवून कृष्णवर्णीयांची टिंगल करणारे खेळ सुरू केले, ते शंभर वर्षं चालले. इतके, की कृष्णवर्णीयांच्या पुढच्या पिढ्यांनी बँजो सोडून दिला आणि लोक तो गोऱ्यांचाच समजायला लागले. २००५ मध्ये रिआनन गिडन्स आणि तिच्या दोन साथीदारांनी कॅरोलायना चॉकलेट ड्रॉप्स हा गट काढला. नॉर्थ कॅरोलायनात जो थॉम्पसन नावाचे ऐंशीच्या पुढचे फिडल (व्हायोलिन) वाजवणारे आजोबा राहायचे, जुन्या चालीचे जवळजवळ शेवटचे. ही तरुण मुलं त्यांच्या घरी जाऊन बसायची आणि वाजवत वाजवत शिकायची. २०१० च्या त्यांच्या अल्बमला ग्रॅमी मिळालं. गिडन्सला पुढं २०२३ मध्ये एका ऑपेरासाठी पुलित्झरही मिळालं.

तिचं मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा वडिलांना घेऊन बसलो आणि बँजोची ही सगळी हकिगत सांगितली. ते काहीच बोलले नाहीत. पण दुसऱ्या दिवशी मी वाजवत असताना ते अंगणातून उठून गेले नाहीत.

वाद्यांच्या बाजूनं अजून एक. मिसिसिपीच्या उत्तरेला डोंगराळ भागात ओथा टर्नर हा शेतकरी होता, १९०७चा जन्म. नदीकाठच्या वेताची बासरी स्वतः कापायचा, तापल्या सळईनं भोकं पाडायचा आणि मागं ढोल. दरवर्षी शेतावर बोकड कापून अख्ख्या पंचक्रोशीला जेवण. नव्वदी ओलांडल्यावर १९९८ मध्ये त्याचा पहिला अल्बम आला. २००३ मध्ये तो गेला, आता त्याची नात शार्डे थॉमस तीच बासरी वाजवते. आमच्या पथकातल्या पोरांना ऐकवलं. ढोल सुरू झाला तशी बोटं आपोआप मांडीवर चालू. एकानं विचारलं, "ह्ये कुठल्या जत्रंतलंय?"

निळी पहाट (छत्रपती संभाजीनगर)
२० जानेवारी, सकाळी ६.५५

हलगीवाला, तुमची पोस्ट दोनदा वाचली. वडिलांना नमस्कार सांगा.

आतापर्यंत इथं सगळे पुरुषच आले, म्हणून लिहिते. ब्लूजची रेकॉर्ड बाजारात आणली ती बाईनं. १० ऑगस्ट १९२० ला मेमी स्मिथनं 'क्रेझी ब्लूज' गायलं, ते इतकं खपलं की कंपन्यांना कळलं, कृष्णवर्णीय माणसंही रेकॉर्ड विकत घेतात. पॅटन, सन हाउस ही मंडळी रेकॉर्डिंगला पोहोचली ती त्यानंतर आठ-दहा वर्षांनी, त्या बाईनं उघडलेल्या दारातून. मग बेसी स्मिथ. तिचं 'बॅक वॉटर ब्लूज' पुराचं आहे, फेब्रुवारी १९२७ चं. दोनच महिन्यांनी मिसिसिपीला महापूर आला आणि लाखो लोकांच्या तोंडी ते गाणं बसलं.

आणि सिस्टर रोझेटा थार्प. आर्कान्सामधल्या ज्या गावात ती १९१५ मध्ये जन्मली त्याचं नावच कॉटन प्लांट. आई देवाची गाणी गात गावोगाव फिरायची, हिनं लहानपणीच गिटार उचलली. १९४४ मधली तिची वाजवण्याची पद्धत ऐका, पुढं ज्याला रॉक अँड रोल म्हणाले ते सगळं तिच्यात आधीच आहे. तिचं एक चित्रण आवर्जून बघा. मे १९६४, इंग्लंडात मँचेस्टरचं एक बंद पडलेलं रेल्वे स्टेशन. एका फलाटावर प्रेक्षक, समोरच्या फलाटावर मंच. पाऊस लागलेला. पांढरा कोट घातलेली ही बाई फलाटावर येते, विजेची गिटार गळ्यात घेते आणि पावसाचंच गाणं धरते. मी ते बघून रडले.

कोयता, तुमच्या आईबद्दल वाचून राहवलं नाही. आपल्या बायका जात्यावर गायल्या ते कुणी ऐकलं? गी प्वातवँ आणि हेमा राईरकर यांनी गावोगाव फिरून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, एक लाखाहून जास्त. लोमॅक्सनं तिकडं केलं त्याच तोलाचं हे काम आहे. संत जनाबाईंच्या गंगाखेडपासून आपण किती लांब आहोत? तुमच्या आई असतील तर त्यांना विचारा. आजच विचारा.

कोयता
२० जानेवारी, सकाळी ८.३०

आई आहे. विचारतो.

गोदाकाठ (पैठण)
२० जानेवारी, रात्री १०.१५

मी फक्त नव्याबद्दल लिहितो, कारण ब्लूज म्हणजे मेलेल्या माणसांचं संगीत असा समज इथून जायला नको.

क्रिस्टोन 'किंगफिश' इंग्राम. जन्म १९९९, गाव क्लार्क्सडेल, म्हणजे डेल्टाचं मधोमध. त्याच्या '६६२' या अल्बमला २०२२ मध्ये ग्रॅमी मिळालं. ६६२ हा त्याच्या भागाचा टेलिफोनचा कोड आहे. आपल्याकडं एखाद्या पोरानं अल्बमला आपल्या गावाचा एसटीडी कोड द्यावा तसं. त्याच रात्री पारंपरिक ब्लूजचं ग्रॅमी सेड्रिक बर्नसाइडला मिळालं. त्याचे आजोबा आर. एल. बर्नसाइड, डोंगराळ भागातले. त्यांच्या संगीतात सूर फार बदलत नाहीत, एकाच ठिकाणी उभं राहून ताल फिरत राहतो, फिरत राहतो, आणि पंधरा मिनिटांनी तुम्ही त्यात अडकलेले असता. आमच्याकडं एकनाथषष्ठीला रात्री उशिराच्या भजनात हेच होतं.

मग आफ्रिका. मालीचा अली फारका टूरे. लोकांनी त्याला ब्लूजवाला म्हटलं तर तो ठासून सांगायचा, की हे आमचं मूळ आहे, तुम्ही फांद्या बघताय. अमेरिकन गिटारवादक राय कूडरबरोबरच्या १९९४ च्या अल्बमला ग्रॅमी मिळालं आणि त्यानंतर हा माणूस गावी, नायजर नदीकाठी नियाफुंकेला, शेती करायला परत गेला. १९९९ चा अल्बम करायचा तर रेकॉर्डिंगची माणसं यंत्रं घेऊन त्याच्या गावी गेली आणि शेतातलं काम उरकेल तेव्हा त्यानं वाजवलं. नंतर तो गावाचा महापौरही झाला. आणि तिनारिवेन, सहारातल्या तुआरेग लोकांचा गट. त्यांचा इब्राहिम आग अल्हबीब यानं लहानपणी पहिली गिटार तेलाचा डबा, काठी आणि सायकलच्या ब्रेकची तार यांची केली होती.

भारतात? शिलाँगचा सोलमेट ऐका, २००३ पासून वाजवतायत, तिप्रिती खारबंगारचा आवाज पहिल्याच ओळीत पकडतो. २०११ पासून वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत ब्लूज महोत्सव होऊ लागला, पहिल्याच वर्षी शिकागोचा गिटारवादक बडी गाय आला होता. मी तेव्हा पैठणहून एसटीनं गेलो होतो आणि परतीच्या गाडीत उभा आलो. तेव्हा तो ७४ वर्षांचा होता. गिटार वाजवत मंचावरून उतरून लोकांत शिरला, माझ्यापासून दोन हातांवर.

हलगीवाला
२० जानेवारी, रात्री १०.४०

डबा आणि तार यावरून आठवलं. डेल्टात पोरं झाडूची तार काढून घराच्या भिंतीवर दोन खिळ्यांत ताणायची, खाली बाटली सरकवायची आणि वाजवायची. डिडली बो म्हणतात. एकच तार. माहूर-तुळजापूरच्या गोंधळ्याचं तुणतुणं हातात घेऊन बघा, एका तारेवर किती होतं ते कळतं.

कोयता
२२ जानेवारी, सायंकाळी ७.२०

आईला विचारलं. आधी "मला काय येतंय, काही येत नाही" म्हणाली. मग ज्वारी निवडायला बसली आणि निवडता निवडता सुरू झाली. मोबाइल परातीशेजारी ठेवला होता. एकोणीस ओव्या. त्यातली एक वहीवरची आहे, मुकादमाच्या वहीवरची. नंतर तिला ऐकवलं तर म्हणाली, "ही मी हाय व्हय? म्हातारी वाटायले की." आणि परत लाव म्हणाली.

निळी पहाट, उपकार झाले.

कोमलगंधार
२२ जानेवारी, सायंकाळी ७.५०

फाइलला गाव, आईंचे नाव, माहेरचे गाव आणि तारीख लगेच लिहून ठेवा. दोन ठिकाणी ठेवा. मोबाइल पडला, गेला, असे होऊ देऊ नका. ओव्या वहीतही उतरवा, त्यांना विचारून, त्यांच्याच उच्चारांत.

तपोवनचा प्रवासी
२२ जानेवारी, रात्री ९.३०

पऱ्हाटी, तुमच्या आण्णांच्या प्रश्नाचं उत्तर राहून गेलं. नाही परवडली. त्या रेकॉर्डही फारशा खपल्या नाहीत, मंदीचं साल होतं. सन हाउस १९४३ मध्ये डेल्टा सोडून न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरला गेला, रेल्वेत नोकरी केली, वाजवणं सोडून दिलं. १९६४ मध्ये काही तरुण त्याला शोधत आले. तो स्वतःची गाणी विसरला होता. अ‍ॅलन विल्सन नावाच्या पोरानं जुन्या रेकॉर्ड ऐकून ती बसवली होती, त्यानं समोर बसून सन हाउसला त्याचीच गाणी परत आठवून दिली. पुढं दहाएक वर्षं तो अमेरिकेत आणि युरोपात गायला.

पऱ्हाटी
२४ जानेवारी, पहाटे २.१०

विहिरीवरूनच लिहितोय. आज परत दारं धरायला आलो.

आण्णांना सन हाउसचं पुढचं सगळं सांगितलं. रेल्वेतल्या नोकरीचं ऐकून म्हणाले, बरं झालं, पगार तरी मिळाला. गाणी विसरला होता आणि एका पोरानं आठवून दिली हे मात्र त्यांनी दोनदा विचारलं. मग फोटो दाखव म्हणाले. १९६० च्या दशकातला फोटो काढून दिला. मोबाइल डोळ्यांजवळ धरून बराच वेळ बघितला. "ही पेटी पत्र्याची हाय का?" पत्र्याचीच आहे. आत अ‍ॅल्युमिनियमची कर्ण्यासारखी वाटी असते, तिच्यामुळं आवाज लांब जातो. विजेची गिटार रुळायच्या आधी गलक्यात ऐकू जावी म्हणून लोक ती वापरायचे. आण्णांनी फोटोतल्या पत्र्यावर बोट टेकवलं. मग हातावरचं घड्याळ जाळाच्या उजेडात बघितलं. लाइट यायला पंधरा मिनिटं होती.

म्हणाले, "त्या दिवशी निम्मंच झालं होतं. दुसरी बाजू लाव."